छापलेली तारीख

कार्ड बुधवारी दुपारी आलं. माथ्यावर ‘श्री’ नव्हतं, त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच कळलं, बातमी मरणाची आहे. अक्षर आमच्या गावच्या गुरुजींचं. “आपले चुलते शंकरराव सोमवारी पहाटे छातीच्या तापाने वारले. त्वरित निघून यावे.” एवढंच. खोलीतला सोबती हळूच म्हणाला, “वाचलंस ना? आता फाडून टाक. असलं कार्ड जवळ ठेवत नाहीत.” आमच्याकडेही तीच रीत आहे. मरणाची बातमी वाचायची आणि कागद तिथल्या तिथं फाडायचा. मी फाडला नाही. टेबलाच्या खणात दोन आठवडे एक दुसरा कागद पडून होता आणि त्याच्याकडे बघायचं मी रोज टाळत होतो. कार्ड त्या कागदावर ठेवलं आणि खण लावला... त्या दुसऱ्या कागदाबद्दल सांगायचं तर मला बरंच मागं जावं लागेल. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि वर्तमानपत्रासाठी लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं तर ते माझं, तात्यांचं नव्हे.

शंकरतात्या माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं गाव ताकारी स्टेशनापासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी. उसाची रानं, दोन तालमी, आणि घरटी एक माणूस पलटणीत. लढाई संपून तात्या परत आले तेव्हा मी इंग्रजी शाळेत होतो. मांडीत गोळी लागून त्यांचा उजवा पाय आखडला होता. चालताना ते आधी खांदा पुढे टाकत आणि पाय मागून आणत. बाकीच्या शिपायांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. तात्यांच्या ट्रंकेत निघाला हवा काढलेला एक कातडी फुटबॉल, आणि बिस्किटांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात पाच छापील कागद आणि एक फोटो. कागद घडीचे, पातळ, इंग्रजीत. स्कॉटलंडात मॅचच्या आधी मैदानाच्या फाटकावर असे कागद विकतात, हे मला पुढे कळलं. त्यावर दिवस आणि वेळ असते. दोन्ही संघांची अकरा-अकरा नावं, माणसं मैदानात जशी उभी राहतात तशीच पानावर मांडलेली असतात. कडेला तंबाखूच्या, चहाच्या, शिंप्याच्या जाहिराती. फोटोत अकरा जण दोन रांगांत हाताची घडी घालून, आणि मधल्याच्या पायाशी चेंडू.

गावात कुणी म्हणालं, “शंकऱ्यानं गोऱ्या टामीची रद्दी आणली,” की तात्या भडकायचे. “टामी न्हवं त्यो. स्काच हाय. घागरा पलटणीतला.” त्याचं नाव आलेक. इटलीत तंबूच्या इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. आलेकचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. गिरण्यांच्या कुठल्याशा गावचा तो. लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून गावच्या संघाच्या मॅचा बघितलेला. सहा मॅचांचे कागद त्यानं लढाईभर पाठीवरच्या पिशवीत जपले होते. पाय कापल्यावर चौथ्या दिवशी त्यानं ते सगळे तंबूतल्या शेगडीत टाकले. तात्या काठी टेकत उठले आणि शेगडीत हात घालून त्यांनी कागद बाहेर ओढले. वरच्या एकाचा कोपरा जळाला. तात्यांच्या बोटांना फोड आले. “त्यो मला त्याच्या भाषेत शिव्या घालाय लागला,” तात्या सांगायचे, “म्या माझ्या भाषेत घातल्या. दोघांस्नी बी समदं समजलं.” तीन दिवस आलेकनं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी त्यानं हात पुढे केला, कागद मागितले, आणि ब्लँकेटवर औषधाच्या बाटल्या मांडून मोडक्या हिंदुस्थानीत एक मॅच सांगितली. मग रोज दुपारी एक. त्याला जहाजावर नेलं त्या दिवशी त्यानं एक कागद स्वतःकडे ठेवला आणि पाच कागद, फोटो आणि कुठूनसा मिळवलेला तो चेंडू तात्यांच्या खाटेवर ठेवून गेला. म्हणाला, “खेलो. खाली रखना नहीं.” पत्ता घ्यायचा राहून गेला. पुढे त्याचं काय झालं, तात्यांना कधीच कळलं नाही.

संध्याकाळी आमच्या अंगणात त्या मॅचा पुन्हा व्हायच्या. बाटल्यांच्या जागी भुईमुगाच्या शेंगा. मागे दोन, मग तीन, पुढे पाच, आणि गोलात एक जाडजूड तिदाणी शेंग. फोटोतल्या अकराही जणांना तात्यांनी आपली नावं दिली होती. मिशीवाला गोलकीपर ‘पाटील’, फेंगड्या पायांचा ‘फेंगड्या’, कानांवर केस आलेला ‘मामंजी’. “आता फेंगड्यानं चेंडू उचलला. पावसानं सारा राडा झालाय, बगा. समोर त्यो ताडमाड गडी. फेंगड्यानं काय केलं? तो त्येच्या टांगंखालनंच काढला!” मॅच संपली की खेळाडू आम्ही खाऊन टाकायचो. आलेकचं गाव दर वेळी जिंकायचं.

मी शब्दकोश घेऊन ते कागद वाचायला लागलो तेव्हा मला एक शंका आली. कागद मॅचच्या आधी छापलेला, मग त्यात निकाल असेल कसा? तो नव्हताच. पण प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक आकडे होते. शून्य-तीन. एक-चार. शून्य-दोन. दोन-पाच. शून्य-एक. पहिला आकडा आलेकच्या गावाचा. चार दिवस मी गप्प राहिलो. मग न राहवून बोललो.

“तात्या, रागावू नका... आलेकचा संघ या पाचही मॅचा हरलाय.”

“मला आकडं वाचता येत न्हाईत व्हय रं? नाईक हुतो म्या. रायफलीचं नंबर बगून घ्यायचो.”

“मग तुम्ही जिंकल्याचं का सांगता?”

“त्यो तसंच सांगत हुता. एक तर पाय न्हाई त्याला. म्या काय म्हनू, तू हरलास?” तात्या थोडा वेळ त्या जळक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “पर राम्या, येक बग. हरल्याला कागुद बी त्यानं टाकला न्हाई. सवताच्या हातानं आकडा ल्हिवून ठिवला. जिकल्यालं कुनी बी ल्हितंय.”

तात्यांनी पावसाळा सरल्यावर नदीकाठच्या मळईवर वेळूचे गोल रोवले आणि तालमीतल्या पोरांना चेंडू दिला, तेव्हा गावात बरीच बोलाचाली झाली. गुरुजी चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी चावडीसमोर विचारलं, “शंकरराव, गोऱ्याला घालवायला आमची हाडं मोडली आणि तुम्ही त्याचाच खेळ गावात आणता?” तात्या म्हणाले, “गुरुजी, तुमी त्याच्या काठ्या खाल्ल्या, म्या त्याच्यासाठनं गोळी खाल्ली. त्यो गेला, जाऊ द्या. चेंडू काय त्याच्या बापाचा हाय? शेगडीत हात म्या घातलाया.” पुढच्या महिन्यात शाळेची शिट्टी घेऊन गुरुजी स्वतःच मळईवर आले. “नियमानं तरी खेळा,” म्हणाले.

तात्यांचा मात्र एकच हट्ट होता. कागुद न्हाई तर मॅच न्हाई. आमच्या पोरांचीही नावं छापून आली पाहिजेत, आणि एकदा तारीख छापली की मोडायची नाही. आलेकच्या गावात बर्फ पडला तरी छापलेल्या दिवशी खेळले होते, म्हणे. पहिली मॅच तालुक्याच्या हायस्कुलाच्या मुलांशी ठरली. तात्या जळक्या कोपऱ्याचा कागद आणि दोन्हीकडची नावं घेऊन सांगलीला नानांच्या छापखान्यात गेले. नानांचं आयुष्य लग्नपत्रिका आणि कुस्त्यांची हँडबिलं छापण्यात गेलेलं. नावं दोन बाजूंना अकरा-अकरा आहेत म्हटल्यावर त्यांनी हातच्या सवयीनं खिळे जुळवले. हँडबिल आलं ते असं: ‘चेंडूचे जंगी मैदान. निकाली अकरा जोडी.’ आणि खाली ओळीनं अमका विरुद्ध तमका. गोलकीपर तुका पैलवान विरुद्ध त्यांचा गोलकीपर. मी विरुद्ध त्यांचा कुणी देशपांडे. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं ते असं, ‘विरुद्ध’च्या डावीकडे.

पाच गावची माणसं लोटली. ज्याच्या त्याच्या तोंडी, आपली जोड कुठली. मॅच सुरू झाली आणि चेंडूकडे कुणी बघेना. “ए, देशपांड्याला सोडू नगंस!” म्हणून मागून मला ओरडत होते. आमच्या गड्यांनाही तेच पटलं होतं. जो तो आपल्या जोडीच्या मागं. चेंडू एकटाच हिंडत होता. थोड्या वेळानं तुका गोल सोडून निघाला.

“आरं, कुठं चाललास?” तात्या ओरडले.

“माजी जोड तिकडं हुबी हाय! म्या हितं येकटा काय करू?”

आणि अख्खं मैदान ओलांडून त्यानं त्या बिचाऱ्या पोराची कंबर धरली. गुरुजी शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. इकडे उघड्या गोलात एकामागून एक चेंडू जात होते. आम्ही शून्य-नऊ हरलो. लोक हसत घरी निघाले तसे तात्या बैलगाडीच्या साटीवर चढले. आखडलेला पाय लोंबकळत होता. “हसा!” ते ओरडले. “पर म्होरच्या म्हैन्यात फुन्ना हाय. ह्याच रानात. छापून आनतो. या समदी!” मग खाली उतरून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि हँडबिलाच्या कडेला इंग्रजी आकड्यांत लिहिलं, 0-9. हात जरासुद्धा थांबला नाही.

त्यानंतर दोन वर्षांत आम्ही आणखी पाच मॅचा खेळलो आणि पाचही हरलो. आमचा एकही गोल झाला नाही. पण कागद छापून आले, जोड्या न लावता, आणि प्रत्येकावर आकडा पडला. याच काळात मी मॅट्रिक झालो. पुढं शिकवायचं की नाही यावरून घरात वाद झाला. आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “ह्यो गेला तर औत कोन धरनार?” तात्या म्हणाले, “म्या धरतो.” आण्णांनी त्यांच्या पायाकडे बघितलं. “बगतोस काय? बैल चालत्यात. म्या नुस्ता मागनं जायाचं,” तात्या म्हणाले. आणि त्यांनी धरलं. सुट्टीत गेलो की नांगरटीत त्यांच्या पावलांची खूण ओळखू यायची. एक पाऊल खोल, एक फरफटलेलं. मी सांगलीला भूमितीची प्रमेयं पाठ करत होतो ती त्या पावलांवर, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता ते, कार्ड यायच्या दोन आठवडे आधीचं... वसतिगृहातल्या मुलांचा चांगला संघ आहे. बूट आहेत, रंगीत सदरे आहेत. त्यांनी नुकतंच मला विचारलं होतं, आमच्याकडून खेळशील का. मी हो म्हणायच्या बेतात होतो. एका बुधवारी दुपारी तात्या फाटकातून आत आले. पटका, धोतर, वर पलटणीचा खाकी कोट, आणि तो खांदा टाकत येणारा पाय. सरळ व्हरांड्यात आमच्या कॅप्टनसमोर जाऊन म्हणाले, “मॅच घ्याल का आमच्या गावासंगं?” मुलं जमली. अकरा जोड्यांची गोष्ट सांगलीत कुणी ऐकली नव्हती? “या खेपेलाही निकाली का हो?” एकानं विचारलं. सगळे हसले, तात्या सगळ्यांत जास्त. तुका कसा चालत गेला ते त्यांनी व्हरांड्यात चालून दाखवलं. कॅप्टननं मॅच कबूल केली, पुढचा तिसरा रविवार ठरवला. मग सहज माझ्याकडे वळून विचारलं, “हे तुझे कोण रे?”

मी म्हणालो, “आमच्या गावचे आहेत.”

एवढंच बोललो. खोटंही नव्हतं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बाकीच्यांना तीच गोष्ट पुढे सांगू लागले. निघताना मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी कोटातून नानांनी काढून दिलेलं कच्चं छापील बाहेर काढलं. आमच्या बाजूची दहा नावं. डाव्या हाफची, म्हणजे मधल्या तिघांतल्या डाव्या गड्याची, जागा कोरी.

“ही रिकामी ठिवलीया,” कागद माझ्या हातात देत ते म्हणाले. “तू हिकडनं खेळनार का तिकडनं, ते तुजं तू ठरीव. हिकडनं आसंल तर नानाला सांगून ये, त्यो छापील. तिकडनं खेळलास तरी माजी ना न्हाई. खेळ मातर चांगला कर.” चार पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाले, “आन् गावचाच हाय म्या. त्यात काय खोटं हाय?”

छापखाना वसतिगृहापासून दहा मिनिटांवर आहे. मी चौदा दिवस गेलो नाही. कागद खणात पडून राहिला.

कार्ड आलं त्या बुधवारी खण लावून मी कॅप्टनच्या खोलीत गेलो. माझा आवाज फार चढला असावा, कारण तिघंचौघं दारात आले. मी म्हणालो, “त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते माझे सख्खे चुलते. मला त्यांनी शिकवलं. सोमवारी ते वारले. रविवारी मॅच आहे आणि मी गावाकडून खेळणार आहे.” कॅप्टन गोंधळला. “अरे, पण आता कशी होईल मॅच?” “तारीख छापलीय,” मी म्हणालो. खरं तर अजून छापली नव्हती. मग खणातून तो कागद काढला, तडक छापखान्यात गेलो आणि नानांसमोर ठेवला. डाव्या हाफच्या जागी माझं नाव. नानांना बातमी मला सांगावी लागली. सगळ्यांत खाली एक ओळ होती, ‘खेळवणार: शंकरराव’. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “इथं कै. लावायला हवं ना?”

“नको.”

“अरे, माणूस गेल्यावर लावावंच लागतं. लोक नावं ठेवतील.”

“ठेवू देत. रविवारी खेळवणार तेच आहेत.”

नानांनी चष्मा पुसला. स्वतः खिळे जुळवायला बसले. “या खेपेला जोड्या लावत नाही हो,” म्हणाले, आणि पुन्हा चष्मा काढला.

घरी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. आण्णांचं डोकं केलेलं. कागदांचा गठ्ठा बघून त्यांचा संताप झाला. “सुतकात चेंडू? भाऊ गेला माजा, आन् तू नाचनार मळईवर? लोक तोंडात श्यान घालतील.” मी आयुष्यात त्यांना उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही... तारीख, तारीख, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो. भावकीतले कुणी म्हणाले, “आरं, तुला शिवली तर त्या पोरांनी काय करायचं?” तुका पैलवान दाराशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “काय करायचं? आंघुळ करायची. खेळून आल्यावर तशी बी करायचीच की. नदी काय लांब हाय?”

तात्यांची बायको, माझी काकी, कोपऱ्यात बसली होती. आण्णांशी ती कधी थेट बोलत नसे. थोरला दीर. ती माझ्याकडे बघून बोलली, पण साऱ्या घराला ऐकू जाईल असं. “रामा, तुज्या आण्णास्नी सांग. ताप डोस्क्यात गेला तरी त्यांच्या तोंडात दोनच गोष्टी हुत्या. आयतवारची मॅच, आन् डाव्या हाफला कोन. मला काय ठावं, हाफ म्हंजे काय? म्या म्हनलं, हाय कोन तरी, निजा तुमी.” मग पदर सावरून म्हणाली, “तारीक मोडायची न्हाई.”

डाव्या हाफला कोण... मला तिच्याकडे बघवेना. मग आण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. म्हणाले, “रेघा मारायला फक्की लागंल. त्योच मारायचा. कोन मारनार हाय आता?” आणि रविवारी सकाळी माझ्या वडिलांनी, केलेल्या डोक्यावर पंचा टाकून, मळईवर फक्कीच्या रेघा मारल्या. एक बाजू थोडी तिरकी गेली. ती कुणी सरळ केली नाही.

वसतिगृहाची मुलं आली. अकराच्या अकरा, सकाळच्या गाडीनं ताकारीला उतरून चालत. कॅप्टननं आधी घरी येऊन काकीसमोर टोपी काढली. मैदानाभोवती नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काही खेळ बघायला आली होती, काही आम्हाला हसायला, आणि काही, मी स्पष्ट लिहितो, थुंकायला. गुरुजींनी शिट्टी वाजवली. मी बरा खेळलो नाही. तिसरा गोल तर माझ्या चुकीनं झाला. चेंडू बाहेर मारायचा तो मी त्यांच्या पायात दिला. पण शेवटच्या दहा मिनिटांत उजवीकडून चेंडू उंच आला. तुका आता गोलात नसतो, पुढे खेळतो. त्यानं आधी मांडीवर शड्डू ठोकला आणि मग छातीनं चेंडू आत लोटला. मळईवर क्षणभर कुणाला खरं वाटेना. आमचा गोल! दोन वर्षांत पहिला. आण्णा रेघेच्या बाहेर उभे होते. ते उगीचच माझ्यावर ओरडले, “आरं, बगतोस काय, म्होरं जा!”

एक-चार हरलो. मग दोन्ही संघ तसेच नदीत उतरले. मला सगळेच शिवले होते, वसतिगृहाचेसुद्धा. पौषातलं पाणी. कॅप्टन गळ्यापर्यंत बुडून कुडकुडत होता. मला म्हणाला, “हेही तुझ्या चुलत्यांनीच ठरवलं होतं काय रे?” तो ‘तुझ्या चुलत्यांनी’ म्हणाला. मी पाण्यात डोकं घातलं, कारण माझा चेहरा त्यानं बघावा असं मला वाटत नव्हतं.

गावात अजून बोलतात. सुतकात खेळली, म्हणतात. कै. लावलं नाही, म्हणतात. काही शिकलेली माणसं वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात. आपलं राज्य आलं तरी हे परक्यांच्या खेळाचे तुकडे कवटाळून बसलेत, म्हणे. त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. होय, आम्ही खेळलो. सातव्या दिवशी, अनवाणी, छापलेल्या तारखेला. आणि हरलो.

तेराव्यानंतर काकीनं बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. आलेकचे पाच कागद, फोटो, आमचे सहा, आणि तळाला बोटभर पेन्सिल. सातव्या कागदावर मी त्याच पेन्सिलीनं 1-4 लिहिलं. तात्यांसारखं झरझर लिहिता आलं नाही. ते न फाडलेलं कार्ड त्याच कागदाच्या घडीत ठेवलं. डबा आता वसतिगृहात माझ्या टेबलावर असतो. वरच्या कागदाचा जळका कोपरा अजून थोडा थोडा झडतो. झाकण काढलं की आत काळी भुकटी दिसते. खोलीत कुणी नवीन आलं की विचारतं, हे काय, कुणाचं?

“माझ्या चुलत्यांचं,” मी सांगतो. ती भुकटी मी झाडत नाही.